मँगनीजची खतावणी

मँगनीजचा रंग कोणता, या प्रश्नाला उत्तर नाही. टॉर्चचा जुना सेल फोडला की आत सापडणारी काळी भुकटी मँगनीजची, पाणी शुद्ध करण्यासाठी विहिरीत टाकत ते जांभळे खडे मँगनीजचे आणि पिकांना सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून फवारतात ते फिकट गुलाबी सल्फेटही मँगनीजचेच. मँगनीज पाण्यात विरघळते का? जांभळे आणि गुलाबी विरघळते, काळे वर्षानुवर्षे पाण्यात पडून राहिले तरी तसेच राहते. त्याचे ऑक्साइड आम्लधर्मी की आम्लारीधर्मी? एक ऑक्साइड आम्लारीधर्मी आहे, एक तीव्र आम्लधर्मी आहे आणि मधले एक दोन्हीकडे थोडेथोडे झुकणारे आहे. नुसते धातूचे नाव घेऊन विचारलेला प्रत्येक प्रश्न असा अर्धा राहतो. तो पुरा व्हायला नावापुढे एक आकडा लागतो : दोन, तीन, चार, सहा किंवा सात. या आकड्याला ऑक्सिडीकरण अवस्था म्हणतात, आणि पुढच्या पानांचा विषय तोच आहे.

माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो, म्हणजे वाचकाला ते पारखत पुढे जाता येईल. ऑक्सिडीकरण अवस्था हा हिशेबाचा आकडा आहे. अणूवर प्रत्यक्ष किती विद्युतभार बसला आहे याचे ते मोजमाप नव्हे. पण दुकानाचा गल्ला आणि दुकानाची खतावणी या दोन वेगळ्या गोष्टी असल्या, तरी धंदा कुठून कुठे चालला आहे हे गल्ल्यातली रोकड मोजून कळत नाही, ते खतावणीतच वाचावे लागते. संक्रमण धातूंच्या संयुगांचे तसेच आहे. त्यांचा रंग, विद्राव्यता, चुंबकत्व, खाणीतली जागा, कारखान्यातला उपयोग, शरीरातले काम, हे सगळे विखुरलेले तपशील एका सूत्रात ओवायचे असतील तर हा हिशेब मांडल्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या शाळांतून तो पाठांतराचा विषय झाला आहे, पाच नियम घोका आणि आकडा काढा, एवढाच. त्यात विषयाचे नुकसान झाले आहे, असे मला मनापासून वाटते.

हिशेब समजायला आधी इलेक्ट्रॉनांची ठेव पाहावी लागते. सोडियमच्या अणूतला पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि दुसरा काढायला ४५६२. नऊपटींहून मोठी ही भिंत आहे, म्हणून सोडियम आयुष्यभर एकच इलेक्ट्रॉन देतो आणि त्याच्या सगळ्या नेहमीच्या संयुगांत त्याची अवस्था +१ असते. त्याच्याबाबतीत आकडा वेगळा सांगण्याची गरजच पडत नाही. मँगनीज हे पंचविसावे मूलद्रव्य. त्याच्या बाहेरच्या भागात सात इलेक्ट्रॉन आहेत : दोन सर्वांत बाहेरच्या कक्षेत, पाच त्याच्या लगतच्या आतल्या उपकक्षेत. या दोन ठिकाणांच्या ऊर्जेत फारसे अंतर नाही. पहिला इलेक्ट्रॉन ७१७ किलोज्यूलला सुटतो, दुसरा १५०९ ला, तिसरा सुमारे ३२५० ला. भिंत अशी नाहीच, चढत्या पायऱ्यांचा जिना आहे. समोर कोण आहे, माध्यम आम्लाचे की अल्कलीचे, तापमान किती, यावर मँगनीज कोणत्या पायरीवर थांबेल ते ठरते. क्रोमियम, व्हॅनेडियम, लोह हे सगळे शेजारी थोड्याफार फरकाने असेच वागतात. पण इतक्या पायऱ्या इतक्या स्पष्टपणे, साध्या परीक्षानळीत, डोळ्यांना दिसतील अशा रीतीने दाखवणारा धातू त्यांच्यात मँगनीजच. म्हणून सर्व संक्रमण धातूंची वरवर ओळख करून देण्यापेक्षा या एकाशी नीट परिचय व्हावा, हे अधिक बरे.

हिशेबाचा नियम एका वाक्यात सांगता येतो. बंधातले सामायिक इलेक्ट्रॉन, ज्या अणूची ओढ जास्त, त्याच्या खात्यावर पुरते जमा करून टाकायचे. ऑक्सिजनची ओढ जवळजवळ सगळ्यांहून जास्त, तेव्हा प्रत्येक ऑक्सिजनच्या खात्यावर दोन. काळ्या मँगनीज डायऑक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन आहेत, म्हणजे चार इलेक्ट्रॉन गेले आणि मँगनीजची अवस्था +४ झाली. जांभळ्या परमँगनेट आयनात चार ऑक्सिजन आहेत. त्यांना आठ इलेक्ट्रॉन हवेत. एक आयनावरच्या ऋणभाराच्या रूपाने बाहेरून आला, उरलेले सात मँगनीजचे. सातच्या सात गेले, तिजोरी रिकामी झाली, आणि म्हणूनच +७ च्या पुढे मँगनीज जात नाही. संयुगाच्या नावातच हा आकडा रोमन अंकांत लिहावा, ही सूचना जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी १९१९ मध्ये केली. ‘ऑक्सिडीकरण अवस्था’ हा शब्दप्रयोग रूढ होण्यात अमेरिकेतल्या वेंडेल लॅटिमर यांच्या १९३८ च्या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. आधीच्या रसायनशास्त्रज्ञांना हे बदल दिसत होते, पण त्यांना नेमके नाव नव्हते. काळे मँगनीज खनिज पोटॅश आणि सोऱ्याबरोबर तापवले की हिरवे द्रव्य मिळते, ते पाण्यात टाकून ठेवले की पाणी हळूहळू जांभळे होते आणि तळाशी तपकिरी गाळ बसतो, हे अठराव्या शतकातच माहीत होते. त्याला त्यांनी खनिज सरडा म्हटले. आज आपण हिशेब मांडून म्हणतो की +६ मधले तीन अणू एकमेकांतच देवघेव करतात, दोघे +७ वर चढतात, एक +४ वर उतरतो. सहा त्रिक अठरा. सात दुणे चौदा आणि चार, अठराच. सरड्याचा रंग बदलला, पण बेरीज हलली नाही.

ही बेरीज प्रयोगशाळेत थेंबाथेंबाने पाहता येते. शंकूपात्रात ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण, त्यात सौम्य गंधकाम्ल, आणि सगळे साठ-सत्तर अंश सेल्सियसपर्यंत तापवलेले. वर ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, इतके गडद की द्रवाची खालची कड दिसत नाही, वरच्या कडेवरूनच आकडा वाचावा लागतो. पहिला थेंब पडतो आणि जांभळा तसाच रेंगाळतो. पात्र हलवत राहावे लागते, काही सेकंदांनी रंग विरतो. दुसरा थेंब जरा लवकर विरतो. दहाव्या-बाराव्या थेंबापासून रंग पडताक्षणी नाहीसा होऊ लागतो. कारण असे की पहिल्या थेंबांतून तयार झालेला +२ अवस्थेतला मँगनीज पुढच्या थेंबांच्या विक्रियेला उत्प्रेरक ठरतो. त्याच धातूची एक अवस्था दुसऱ्या अवस्थेला वाट करून देते. शेवटी एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकते, आणि तिथे थांबायचे. हिशेब आता करू. प्रत्येक परमँगनेट +७ वरून +२ वर उतरले, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेतले. प्रत्येक ऑक्झॅलिक आम्लाच्या रेणूने दोन दिले. दोन परमँगनेटला पाच ऑक्झॅलिक आम्ल, हे प्रमाण कुठल्याही प्रयोगशाळेत, कोणीही केले तरी तेच येते. माध्यम उदासीन ठेवले तर परमँगनेट तीनच इलेक्ट्रॉन घेऊन तपकिरी गाळ होऊन बसते. तीव्र अल्कलीत एकच घेऊन हिरवे होते. पाच, तीन आणि एक. कागदावरच्या आकड्याने आधीच सांगितलेले प्रमाण ब्युरेटवर जसेच्या तसे उतरते.

इथे एक जाणकार रसायनशास्त्रज्ञ हरकत घेईल, आणि ती हरकत वजनदार आहे. तो म्हणेल की परमँगनेटमधल्या मँगनीजवर सात धनभार आहेत हे सपशेल खोटे आहे. इतका भार एका लहानशा अणूवर एकवटला तर तो शेजारच्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचून घेईल, आणि प्रत्यक्षात तेच घडते. बंध सामायिक राहतात, आणि कोणत्याही पद्धतीने गणित केले तरी मँगनीजवरचा खरा भार +७ च्या जवळपासही जात नाही. लायनस पॉलिंग यांनी १९४८ मध्येच मांडले होते की स्थिर संयुगात कोणताही अणू फार मोठा भार स्वतःवर राहू देत नाही. मग जो आकडा वस्तुस्थितीशी जुळत नाही, तो मुलांना का शिकवायचा? हरकतीचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. +७ म्हणजे सात धनभार असे सांगणारा शिक्षक चूक सांगतो आहे. पण त्यावरून आकडा काल्पनिक ठरतो, हा निष्कर्ष पुराव्यापुढे टिकत नाही.

पुरावा चुंबकत्वाचा घ्या. +२ अवस्थेत मँगनीजजवळ आतल्या उपकक्षेतले पाचही इलेक्ट्रॉन एकेकटे शिल्लक असतात, असे हिशेब सांगतो. पाच एकट्या इलेक्ट्रॉनांचे चुंबकीय आघूर्ण ५.९ बोर मॅग्नेटॉन यायला हवे, आणि मँगनीज सल्फेटवर मोजले तर तेवढेच येते. +३ मध्ये चार उरतात, ४.९ ची अपेक्षा असते. +४ मध्ये तीन, ३.९ च्या आसपास. अनेक संयुगांत मोजमाप या आकड्यांच्या अगदी जवळ पडते. परमँगनेटमध्ये एकही एकटा इलेक्ट्रॉन उरू नये, आणि अशा इलेक्ट्रॉनांमुळे येणारे आकर्षण तिथे खरोखरच आढळत नाही. दुसरा पुरावा क्ष-किरणांचा. मँगनीजच्या सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनाला उखडायला साधारण ६५४० इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा लागते. ऑक्साइडांच्या मालिकेत अवस्था एकाने वाढली की ही मर्यादा तीन-चार इलेक्ट्रॉन-व्होल्टनी वर सरकते. खरा भार थोडासाच बदलत असेल, पण तो खतावणीच्या क्रमानेच बदलतो. तिसरा पुरावा तर साध्या आम्ल-आम्लारी स्वभावाचा आहे. +२ चे मँगनस ऑक्साइड आम्लारीधर्मी, डायऑक्साइड दोन्हीकडचे, आणि +७ चे हेप्टॉक्साइड पाण्यात जाऊन परमँगॅनिक हे तीव्र आम्ल देणारे. एकाच धातूच्या पोटी आम्लारीही आणि आम्लही. हिशेबाचा आकडा म्हणजे धातूवरचा भार नव्हे, पण धातूकडे किती इलेक्ट्रॉन कामाचे उरले आहेत याची तो चोख नोंद ठेवतो. इंटरनॅशनल युनियन ऑफ प्युअर अँड अप्लाइड केमिस्ट्री या संस्थेने २०१६ मध्ये व्याख्या नव्याने बांधली तेव्हाही सामायिक इलेक्ट्रॉन कोणाच्या नावावर टाकायचे, हा संकेतच केंद्रस्थानी ठेवला.

रंगाबाबत मात्र सावध राहायला हवे, कारण रंगावरून अवस्था ओळखण्याची सवय अनेकदा फसवते. संक्रमण धातूंचे रंग आतल्या उपकक्षेतल्या इलेक्ट्रॉनांच्या हालचालीने येतात, असे पाठ्यपुस्तक सांगते. परमँगनेटमध्ये त्या उपकक्षेत हिशेबाने एकही इलेक्ट्रॉन नाही, आणि तरी त्याच्याइतका गडद रंग दुसऱ्या कुठल्या क्षाराचा क्वचितच असेल. तो रंग ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या धक्क्याने क्षणभर मँगनीजच्या रिकाम्या जागेत उडी घेतो त्यामुळे येतो. उलट +२ मध्ये पाच इलेक्ट्रॉन हजर असूनही त्यांच्या हालचालीवर क्वांटम नियमांची बंदी असते, म्हणून रंग इतका फिका की सौम्य द्रावण पाण्यासारखे दिसते. दोन्ही उदाहरणे नियमाला अपवाद वाटतात, पण हिशेब नीट वाचला तर दोन्ही त्यातूनच उलगडतात. काच बनवणाऱ्यांनी मात्र हा रंग सिद्धान्ताशिवाय, शतकानुशतके, उपयोगात आणला. वाळूतल्या लोहामुळे काचेला हिरवट झाक येते, ती घालवायला ते वितळत्या काचेत काळे मँगनीज खनिज टाकत. मँगनीज लोहाला वरच्या अवस्थेत ढकलून हिरवा रंग फिका पिवळा करते आणि स्वतः +३ मध्ये राहिलेल्या अंशाची जांभळी छटा त्या पिवळ्याला मारते. अशा जुन्या बाटल्या वर्षानुवर्षे कडक उन्हात पडून राहिल्या की जांभळ्या होतात. काचेत दडलेला +२ मँगनीज उन्हातल्या अतिनील किरणांनी +३ वर चढतो.

प्रयोगशाळेच्या बाहेर हा हिशेब पाहायचा तर मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. नागपूर, भंडारा आणि पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट, या पट्ट्यात देशातले सर्वांत महत्त्वाचे मँगनीजचे साठे आहेत. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे त्या खाणींची. आज तिथे उत्खनन करणारी मॉईल ही सरकारी कंपनी १९६२ पासूनची, पण तिचे मूळ १८९६ साली स्थापन झालेल्या एका ब्रिटिश सिंडिकेटमध्ये आहे. भारतातल्या मँगनीजचा पहिला सविस्तर ग्रंथ भूशास्त्रज्ञ लुईस ली फर्मॉर यांनी १९०९ मध्ये लिहिला. या भागातल्या एका विशिष्ट खडकाला त्यांनी इथल्या गोंड लोकांवरून गोंडाइट हे नाव दिले, आणि जगभरचे भूशास्त्रज्ञ आजही तेच वापरतात. गोंडाइटात क्वार्ट्झबरोबर स्पेसार्टिन हा गार्नेट असतो, आणि त्यात मँगनीज +२ अवस्थेत आहे. त्याच थरांतल्या ब्राउनाइट या खनिजात +२ आणि +३ दोन्ही आहेत. जमिनीच्या वरच्या भागात, जिथे पाऊस आणि हवा यांनी खडक कुजवला, तिथे पायरोलुसाइट, म्हणजे +४. गोंडाइटाचा ठिसूळ झालेला तुकडा फोडला की आत विटकरी-नारिंगी गार्नेटचे दाणे असतात, बाहेरून हाताला काजळीसारखा काळा रंग लागतो. हाताला लागलेली ती काजळी म्हणजे दगडातून निसटलेले दोन-दोन इलेक्ट्रॉन, असे म्हटले तर ते खतावणीच्या भाषेत खरे आहे. दक्षिणेकडे गोव्यातही मँगनीजचे साठे आहेत, तिथेही पावसाने झिजलेल्या जांभ्या भूमीत काळी ऑक्साइडेच वर येतात.

व्यवहारी माणूस इथे दुसरी हरकत घेईल. खनिजाचा व्यापारी अवस्था विचारत नाही, तो विचारतो मँगनीज किती टक्के. जगातले बहुतेक सगळे मँगनीज, दहातले नऊ भाग म्हटले तरी चालेल, पोलादाकडे जाते. तिथे विद्युतभट्टीत कोळशाच्या साहाय्याने सगळेच क्षपण होऊन शून्य अवस्थेत येते, फेरोमँगनीज बनते. +२ होते की +४, याने अखेरच्या मालात फरक पडत नाही. ही हरकत पोलादापुरती बरोबर आहे, आणि ती मान्य करण्यात संकोच नसावा. जिथे सगळे इलेक्ट्रॉन परत करायचेच आहेत, तिथे किती गेले होते याला फारसे महत्त्व उरत नाही. पण त्याच पट्ट्यातली डोंगरी बुजुर्गची खाण वेगळ्या कारणासाठी ओळखली जाते. तिथे निघणारे मँगनीज डायऑक्साइडयुक्त खनिज ड्राय बॅटरीच्या उद्योगाला लागते. जॉर्ज लक्लांशे यांनी १८६६ मध्ये केलेल्या सेलची रचना आजच्या साध्या दीड व्होल्टच्या सेलमागे आहे. जस्ताचे भांडे इलेक्ट्रॉन सोडते, ते तारेतून फिरून दिवा पेटवतात आणि काळ्या भुकटीतल्या +४ मँगनीजला +३ वर आणतात. बॅटरीत मँगनीजला दुसरे कामच नाही, एक पायरी उतरायची एवढेच. ब्राउनाइटमध्ये टक्केवारी उत्तम असली तरी तो तिथे निरुपयोगी, कारण उतरायला हवी ती पायरी त्याच्याजवळ नाही. टक्केवारी विचारणारा व्यापारी माल विकत घेतो, पण त्या मालाने काय करता येईल हे आकडा विचारणाऱ्यालाच कळते.

पाण्याच्या बाबतीत तर या आकड्याचा परिणाम घराघरात दिसतो. बोअरवेलचे पाणी उपसताना स्वच्छ असते आणि बादलीत काही वेळ राहिले की तपकिरी-काळपट डाग धरू लागते. खोल भूगर्भात ऑक्सिजन नसतो, मँगनीज +२ मध्ये विरघळून राहते. वर आल्यावर हवेशी गाठ पडते, हळूहळू +४ होते आणि गाळ बसतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मँगनीज स्वीकार्य आहे, दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत. ते काढायचा एक खात्रीचा उपाय म्हणजे मोजून परमँगनेट घालणे. मँगनीज काढायला मँगनीजच घालायचे, हे ऐकून नवल वाटते. पण हिशेब पाहा. +२ चे तीन आणि +७ चे दोन, म्हणजे एकूण वीस. ते एकमेकांना भेटले की पाच अणू +४ वर स्थिरावतात, पाच चोक वीस, आणि पाचही गाळ होऊन गाळणीत अडकतात. दोन विरघळणाऱ्या अवस्था मध्यावर येऊन न विरघळणारी तिसरी होतात. मात्रा चुकली आणि परमँगनेट जास्त पडले तर पाणी गुलाबी होऊन तसे सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला, आणि ती पद्धत देशभर पसरली. पुढे तिची जागा ब्लीचिंग पावडरने घेतली. त्या पावडरीतला क्लोरीन प्रथम कसा मिळाला? १७७४ मध्ये कार्ल विल्हेल्म शेले यांनी काळे मँगनीज खनिज मिठापासून केलेल्या आम्लात तापवले तेव्हा, +४ चे +२ होताना. त्याच वर्षी त्यांचे सहकारी योहान गान यांनी कोळशाबरोबर तापवून धातूही वेगळा केला. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे हे मात्र हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये ठरवले. ब्लीचिंग पावडरीच्या या उद्योगाची किंमत मजुरांनी मोजली. ग्लासगो इथले डॉक्टर जॉन कूपर यांनी १८३७ मध्ये, काळे खनिज दळणाऱ्या कामगारांच्या पायांतली शक्ती जाते, चाल लटपटते, याची नोंद केली. श्वासावाटे गेलेली मँगनीजची धूळ मेंदूला इजा करते, हे त्यातून पहिल्यांदा कळले. आणि तरी आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियात एक विकर मँगनीजच्या आधारावर चालते. ते +२ आणि +३ यांच्यामध्ये सतत खालीवर होत घातक सुपरऑक्साइड निकामी करते. मँगनीज विषारी की आवश्यक, हा प्रश्नही म्हणूनच नाव घेऊन सुटत नाही. किती, कोणत्या वाटेने आणि कोणत्या रूपात, हे विचारावे लागते.

तिसरी हरकत गणिताची. हिशेब चोख असेल तर अपूर्णांक का येतात? हौसमनाइट या ऑक्साइडात तीन मँगनीज, चार ऑक्सिजन. आठ भागिले तीन, म्हणजे प्रत्येकाची अवस्था २.६७. इलेक्ट्रॉनाचे तुकडे होत नाहीत. स्फटिकाची रचना पाहिली की उत्तर मिळते. तीनपैकी एक अणू चार ऑक्सिजनांच्या मधल्या जागेत आहे, तो +२, आणि उरलेले दोन सहा ऑक्सिजनांच्या मधल्या जागेत, ते +३. सरासरी हा फक्त सोयीचा आकडा होता. लिथियम बॅटरीत वापरतात त्या लिथियम मँगनीज ऑक्साइडचे प्रकरण अधिक नाजूक आहे. १९८३ मध्ये थॅकरे, गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्पिनेल रचनेत लिथियम आत-बाहेर करता येते हे दाखवले. तिथे सरासरी ३.५ आहे, निम्मे +३, निम्मे +४. पण कोणता अणू कोणता हे स्थिर नसते, इलेक्ट्रॉन उड्या मारत असतो. इथे खतावणी अणूगणिक मांडता येत नाही, हे खरे. पण ती निरर्थकही होत नाही. आम्लाचा अंश असला की दोन +३ अणू आपसात देवघेव करून एक +२ आणि एक +४ होतात. +२ विरघळून निघून जातो आणि बॅटरी हळूहळू क्षमता गमावते. हा ऱ्हास समजला तो या आकड्यांमुळेच, आणि तो रोखण्याचे प्रयत्नही +३ चे प्रमाण कमी ठेवण्याभोवतीच फिरतात.

एक पुरावा मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन त्यावर उभा आहे. हिरव्या पानात पाणी फोडण्याचे काम चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन यांचा एक लहानसा पुंजका करतो. दोन पाण्यांतून एक ऑक्सिजन रेणू काढायचा तर चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, आणि प्रकाशाचा एक कण एका वेळी एकच काढू शकतो. म्हणजे चार धक्के साठवून ठेवणारे काहीतरी हवे. पिएर जोलियो यांनी १९६९ मध्ये अंधारात ठेवलेल्या क्लोरोप्लास्टांवर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले. सर्वांत जास्त ऑक्सिजन तिसऱ्या झोताला आला, मग सातव्याला, मग अकराव्याला, दर चौथ्याला. पुढच्या वर्षी बेसेल कॉक यांनी त्याचा अर्थ लावला. पुंजका पाच पायऱ्यांतून फिरतो, शून्यापासून चारपर्यंत, आणि अंधारात एक क्रमांकाच्या पायरीवर थांबून राहतो, म्हणून पहिला हप्ता तीन झोतांतच पुरा होतो. रेणूचे प्रत्यक्ष दर्शन कोणालाही होण्याच्या कितीतरी आधी, केवळ इलेक्ट्रॉन मोजून, हे यंत्र ओळखले गेले. रचना १.९ अँगस्ट्रॉमच्या बारकाव्याने दिसली ती २०११ मध्ये, जपानी शास्त्रज्ञांच्या कामातून.

रचना दिसल्यावरही हिशेब संपला नाही, आणि आकडा हे केवळ पाठांतर मानणाऱ्यांनी तर हे जरूर वाचावे. अंधारातल्या पायरीवर चार मँगनीजांपैकी दोन +३ आणि दोन +४ आहेत, असे एक मत. एकूण दोन इलेक्ट्रॉन जास्त आहेत, म्हणजे अवस्था खालच्या आहेत, असे दुसरे. अनेक वर्षे प्रयोगशाळांतून हा वाद चालला, आणि क्ष-किरणांच्या मोजमापांचे पारडे पहिल्या मताकडे झुकले. तीन क्रमांकाच्या पायरीवर चारही अणू +४ होतात, असे त्या हिशेबाने निघते. मग चौथा धक्का बसतो, आणि जिथे दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडले जातात ती पायरी इतकी अल्पायुषी आहे की तिला पकडण्याचे प्रयत्न २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही चालूच होते. प्रश्न असा आहे : तो शेवटचा इलेक्ट्रॉन मँगनीजच्या खात्यातून जातो आणि एक अणू +५ होतो, की मँगनीज +४ वरच राहते आणि त्याला चिकटलेला ऑक्सिजनच आपला एक इलेक्ट्रॉन सोडतो? पाणी कसे फुटते याचे उत्तर त्या एका इलेक्ट्रॉनाची नोंद कोणाच्या पानावर करायची यावर अवलंबून आहे, आणि मँगनीजची ही खतावणी तूर्त त्या नोंदीपाशी थांबते.